रस्त्यापलीकडचं इस्पितळ

४ जानेवारी

पोहोचलो एकदाचे. श्रीहरी पलंगावर पडल्या पडल्या झोपला. त्याचे मोजे मीच काढले. घोट्यांवर सूज इतकी की मोज्यांच्या कडांचे वळ तसेच राहिले. मॉरिशसहून निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस झालं होतं, आता उद्या इथे.

मी हे मराठीत लिहिते आहे, कारण श्रीहरीला मराठी वाचता येत नाही. त्याने तिसरीनंतर हा विषय सोडला. मी धरून ठेवला आणि चोवीस वर्षं मॉरिशसमधल्या वाक्वा गावच्या सरकारी शाळेत तोच शिकवते. घरात आम्ही भाऊबहीण क्रेओल, तिकडची फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतो.

मुंबईच्या विमानतळावर तीन तास काढले. तिथे फरशी पुसणारी एक बाई फोनवर सांगत होती, "डाळ फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे." मी तिच्याकडे बघतच राहिले. खापरपणजोबा कोकणातून जहाजात चढले, त्यानंतर आमच्या घरातलं कुणी या देशात आलेलं नाही. पाच पिढ्यांनंतर कानावर पहिलं वाक्य पडलं ते डाळीचं.

बेंगळुरूला उतरल्यावर टॅक्सीवाल्याला पत्ता मराठीत सांगितला. त्याने मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही. शेवटी इंग्रजीत सांगितलं. मी वर्गात मुलांना भारताचा नकाशा दाखवते, कुठे कोणती भाषा ते मला ठाऊक आहे. तरी मनात भारत म्हणजे मराठी असंच कुठेतरी बसलेलं होतं.

लॉज के. आर. पुरमला आहे, इस्पितळाच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता. खिडकीतून इस्पितळाची पाटी दिसते. मी पडदा ओढून घेतला, तिचा उजेड डोळ्यांवर येतो.

५ जानेवारी

एक गोष्ट वहीत सरळ लिहून ठेवायला हवी. माझी एक किडनी श्रीहरीला द्यायची आहे. त्यासाठी आम्ही आलो आहोत.

दोन वर्षं तो आठवड्यातून तीनदा मशीनला लागतो. त्याच्या बायकोचा, देविनाचा, रक्तगट वेगळा. आई शहात्तर वर्षांची. मुलं लहान. माझा गट जुळतो, तब्येत धडधाकट, लग्न केलेलं नाही, मागे कुणी नाही. सगळं आपोआप ठरलं.

आज पवित्रा भेटली. पेशंट आणि डॉक्टर यांच्यामधली सगळी कागदपत्रं तीच बघते. तिशीची मुलगी, भरभर इंग्रजी बोलते, केसांत गजरा. तिने फाइल उघडली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा जन्मदाखला नाही यात." नातं सिद्ध केल्याशिवाय सरकारी समितीपुढे जाता येत नाही. मला आठवलं, निघण्याच्या दिवशी मी तो झेरॉक्ससाठी बाहेर काढला होता. मशीनवरच राहिला असणार. मी गोष्टी विसरणारी बाई नव्हे. प्रवासाची घाई.

देविना कुरिअरने पाठवते आहे. आठ दिवस जातील. श्रीहरीने फाइल मिटून ठेवली.

८ जानेवारी

इथला रस्ता मला ओलांडता येत नाही. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. आमच्याकडेही गाड्या आहेत, पण त्या थांबतात. इथे त्या थांबत नाहीत, माणसाला वळसा घालून जातात. बाया पोरांना कडेवर घेऊन, हात नुसता समोर धरून चालू लागतात आणि बस त्या हाताला मान देते. मी आज सकाळी वीस मिनिटं कडेला उभी होते. तपासणीची वेळ टळली.

शेवटी लॉजमधल्या गंगव्वाने पलीकडे नेलं. ती पेशंटच्या माणसांसाठी खाली स्वयंपाक करते. निपाणीजवळच्या खेड्यातली. पहिल्या दिवशी मी तिला इंग्रजीत "थोडं गरम पाणी" मागितलं, तर ती भिंतीकडे बघून स्वतःशीच म्हणाली, "काय मागतीया देव जाणे." मी म्हटलं, "मला उष्ण जल हवे आहे." ती पोट धरून हसली.

"अक्का, तुमी रेडिओवानी बोलता की."

चोवीस वर्षं शिकवलेली माझी मराठी अशी आहे तर. पण त्या दिवसापासून ती मला सोडत नाही. आज रस्ता ओलांडताना माझा हात तिने धरला होता. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "हात किती गार हाय तुमचा. थंडी बाधली काय?"

सकाळची थंडी खरंच आहे इथे. थेट आमच्या वाक्वासारखी.

११ जानेवारी

गंगव्वा मला कन्नड शिकवते आहे. बेकु म्हणजे हवं. बेडा म्हणजे नको. स्वल्प म्हणजे थोडं. सरी म्हणजे बरं. "एवढ्यावर अख्खं बेंगळूर फिरता येतंय बघा," ती म्हणते.

लॉजच्या दारात एक म्हातारी शेवंतीची माळ विकते, कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून. मला बघितलं की ती माळ पुढे करते. मी रोज 'बेडा' म्हणायचं ठरवते आणि रोज फुलं घेऊन वर येते. खोलीत ठेवायला जागा नाही. श्रीहरीच्या औषधांच्या पेटीवर, टीव्हीवर, खिडकीत फुलं. तो म्हणाला, "ताई, कुणाचं लग्न आहे?"

चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करून द्यायची होती. काल दुपारी एकदा मी विसरले आणि नेहमीसारखी जाऊन आले. सगळं फुकट. उद्यापासून पुन्हा सुरुवात. पवित्रा म्हणाली, "होतं असं, मॅडम." पण तिने फाइलवर काहीतरी लिहिलं.

१५ जानेवारी

संक्रांत. इथेही तीळ वाटतात, पण लाडू करत नाहीत. तीळ, गुळाचे बारीक खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे असं सगळं सुटं. पवित्राने स्टीलच्या डब्यातून आणलं. श्रीहरीला खोबरं आणि दाणे चालत नाहीत. त्याने चार तीळ निवडून तोंडात टाकले आणि बराच वेळ चघळत बसला.

त्याला पाणीसुद्धा मोजून. चहाच्या गाडीवर लोक 'बाय-टू' कॉफी मागतात, एका कपाची दोन अर्धी. आम्ही तशी घेतो, आणि तो आपल्या अर्ध्यातली अर्धी मला देतो. ओठ तेवढे ओले करून घेतो.

देविनाचा फोन आला. रोज येतो. "तपासण्या झाल्या का? तारीख मिळाली का? संध्या, तू नीट जेवतेस ना?" मी नीट जेवते आहे का, हे ती दिवसातून दोनदा विचारते. मग आईने फोन घेतला. आई म्हणाली, "तू होतीस म्हणून माझा मुलगा वाचतो आहे." मी म्हटलं, अजून काहीच झालेलं नाही, आई. तिला ते ऐकू गेलं नाही बहुतेक.

रात्री मला उलटी झाली. खोबरं जुनं असावं.

१७ जानेवारी

माझा रक्तदाब १६०. पुन्हा घेतला, १६४. खोलीवर श्रीहरीच्या यंत्रावर १२२. पवित्रा म्हणाली, पुढच्या वेळीही असंच आलं तर पुढे जाता येणार नाही. श्रीहरी शेजारीच बसला होता. तिने हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता, आकड्याकडे नाही.

जिन्यांमुळे असेल. लिफ्ट बंद होती.

जन्मदाखला आला. त्यावर माझं नाव 'सोंदिया' असं आहे. त्या काळचे फ्रेंच वळणाचे कारकून कानाला येईल ते लिहायचे. पवित्राने डोक्याला हात लावला. मला मात्र, काय सांगू, क्षणभर बरं वाटलं. मग वकिलाचं प्रतिज्ञापत्र चालेल असं ठरलं.

२२ जानेवारी

आजचं सगळं लिहायला हवं.

किडनी देणाऱ्याला एका स्वतंत्र डॉक्टरांना भेटावं लागतं. त्या घेणाऱ्याच्या डॉक्टर नसतात, फक्त देणाऱ्याच्या. माझ्या डॉक्टर सुखदा, मूळच्या पुण्याच्या. मी मराठी बोलते हे फाइलवर वाचून त्यांना नवल वाटलं. श्रीहरीला त्यांनी बाहेर बसवलं. दार लावलं.

आधी इकडचं तिकडचं विचारलं. शाळा, पगार, घरी कोण कोण. मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "भावाने तुम्हाला कधी विचारलं?"

"काय?"

"किडनी देशील का, असं. कधी विचारलं, कुठे होतात तुम्ही तेव्हा?"

मी आठवायला लागले. दोन वर्षांपूर्वीचा रविवार, देविनाच्या घरी जेवण. तिने रक्ताच्या तपासणीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, संध्याचा जुळतो. आई रडली. देविनाने मला मिठी मारली. नंतर मामा आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, रजेची काळजी करू नका. श्रीहरी? तो त्या रविवारी खिडकीशी बसला होता. नंतर कधी? मी खूप मागे पुढे गेले.

"विचारलं नाही," मी म्हटलं.

"आणि तुम्ही कधी हो म्हणालात?"

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"संध्याताई, तुम्हाला भीती वाटते का?"

"नाही. मला इथला रस्ता ओलांडता येत नाही, एवढंच. बाकी सगळं ठीक आहे."

त्या हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला द्यायची नसेल तर द्यावी लागत नाही. मी तुमच्या फाइलवर 'मेडिकली अनफिट' लिहिते. कारण कुणालाही सांगत नाही, भावालाही नाही. तुमचं बीपी आहेच कागदावर. आम्ही हे करतो, तुम्ही पहिल्या नाही. दोन दिवस विचार करा."

बाहेर आले तर श्रीहरी उठून उभा राहिला. म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

२३ जानेवारी

सकाळी श्रीहरीला डायलिसिसला सोडलं आणि मेट्रोत बसले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. मॅजेस्टिकच्या स्थानकात गाडी बदलली, गर्दी उतरली तिथे उतरले. जयनगर.

झाडं मोठी मोठी, फुटपाथ त्यांच्या मुळांनी उचललेले. फुटपाथवरच दुकानं: बांगड्या, कुकरच्या रबरी रिंगा, लहान मुलांचे स्वेटर. एका उपाहारगृहात सगळे उभ्या उभ्या खात होते. ऑफिसला जाणारे, म्हातारी जोडपी, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मीही उभी राहून इडली खाल्ली. एका बाईने स्वतःची वाटी सरकवून मला जागा करून दिली आणि "स्वल्प" म्हणून आणखी सरकली. मला तिथून निघावंसं वाटेना. त्या टेबलाशी मी कुणाचीच बहीण नव्हते.

एका बाकावर बसून मी स्वतःशी मोठ्याने बोलून बघितलं. क्रेओलमध्ये, म्हणजे कुणाला कळणार नाही. मला द्यायची नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा रडू आलं. माझ्या पोटात कुणी हात घालावा असं मला वाटत नाही. मला एकटीला त्या ट्रॉलीवर जायचं नाही. कुणी नाही माझ्यामागे, हे सगळ्यांनी माझ्या बाजूने मांडलं होतं. मी आजारी पडले तर माझ्यासाठी फाइल घेऊन कोण धावणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

चार वाजून गेले होते. डायलिसिस एकला संपतं. परत आले तर श्रीहरी लॉजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगाभोवती शाल घेऊन. रस्ता त्याने एकट्याने ओलांडला होता. गंगव्वा त्याच्या शेजारी तांदूळ निवडत होती. मला बघून तिने ताट खाली ठेवलं.

"कवाधरनं बसल्यात. जेवा म्हटलं तर जेवंनात."

श्रीहरीने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "फोन बंद होता तुझा."

२४ जानेवारी

सुखदाबाईंना सांगितलं. नाही म्हणून. तीन शब्दांत झालं.

त्यांनी मान डोलावली, फाइलवर लिहिलं. विचारलं, "पाणी हवंय?" मी रक्तदाब घ्यायला सांगितलं. १२६.

२५ जानेवारी

मोठ्या डॉक्टरांनी श्रीहरीला सांगितलं की बहिणीची तपासणी समाधानकारक नाही. मी शेजारी बसले होते. तो म्हणाला, "सरी." हा शब्द त्याने डायलिसिसच्या नर्सकडून उचलला आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चल, कॉफी पिऊ."

संध्याकाळी त्याने देविनाला कळवलं. "ताईचं ब्लड प्रेशर. नाही, तिची चूक नाही. तिने किती प्रयत्न केला." पलीकडून देविनाचं रडणं मला ऐकू येत होतं. मग तिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. मला म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. औषध सुरू कर आधी." मी "हो" म्हटलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं. हात अजून गारच आहेत.

२८ जानेवारी

आई मॉरिशसमध्ये माझ्या रक्तदाबासाठी उपास करते आहे. देविनाने मला बीट आणि लसणाचे उपाय पाठवले आहेत. मामांचा फोन आला. सगळे माझीच काळजी करत आहेत. गंगव्वा भाजीत मीठ घालेना.

आज मला ते अळणी खाणं गिळवेना. श्रीहरी समोर बसला होता. मी ताट बाजूला केलं आणि म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मी नाही म्हणाले. डॉक्टरांनी मला पाठीशी घातलं."

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू दाखला विसरलीस. मग ती लघवी. मग रस्ता. ताई, तू पायाला प्लॅस्टर असताना शाळेत गेलेली बाई आहेस."

मला लाज वाटली आणि रागही आला. मी विचारलं, "मग तू विचारलं का नाहीस मला? दोन वर्षांत एकदाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"आणि न विचारता?"

त्याने बोटांना चिकटलेली शितं ताटात झटकली. खालच्या रस्त्यावर बसचे हॉर्न चालू होते.

"न विचारता मिळाली असती तर घेतली असती," तो म्हणाला. "खरं तेच सांगतो. मी बघत होतो, तू घाबरली आहेस ते मला दिसत होतं, आणि तरी गप्प बसलो होतो. मला मरायचं नव्हतं, ताई."

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याचे हात बघितले. डाव्या हातावर सुयांनी झालेले फुगवटे. तो ते नेहमी बाहीत लपवतो, आज उघडे होते. मग त्याने माझं ताट माझ्याकडे सरकवलं आणि गंगव्वाला खाली हाक मारली, मीठ मागवलं.

३० जानेवारी

देविनाला मी स्वतः फोन केला. श्रीहरी म्हणाला होता, गरज नाही. पण आई माझ्यासाठी उपाशी राहते आहे.

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग ती म्हणाली, "दोन वर्षं, संध्या. दोन वर्षं तू आमच्या घरी दर रविवारी जेवलीस." आणि फोन ठेवला.

आई फोन घेत नाही.

३ फेब्रुवारी

चार दिवस तिकडून काही नाही. आज श्रीहरीच्या फोनवर देविनाचा निरोप आला. तिने इस्पितळाला थेट लिहिलं होतं. रक्तगट जुळत नसला तरी हल्ली ऑपरेशन करता येतं. आधी दोन-तीन आठवडे रक्त गाळून औषधं द्यावी लागतात, धोका वाढतो. आमच्या तिकडच्या डॉक्टरांनी हे सांगितलं होतं म्हणे, पण बहीण जुळत असताना कुणी पुढे विचारलंच नाही. ती येते आहे. रविवारी.

श्रीहरीला आनंद झाला की भीती वाटली ते कळलं नाही. त्याने निरोप तीनदा वाचला. मला म्हणाला, "तू परत गेलीस तरी चालेल आता. तिकीट बदलून देतो."

मी म्हटलं, बघू.

८ फेब्रुवारी

देविना आली, मुलांना आईजवळ ठेवून. केस आवळून बांधलेले, हातात फाइल, तीही माझ्यापेक्षा नीट लावलेली. तिने श्रीहरीच्या पायांवरची सूज दाबून बघितली. मला म्हणाली, "कोणत्या पलंगावर झोपू?" दिवसभरात एवढंच.

मी माझा पलंग तिला दिला आणि खाली गादी घातली.

१२ फेब्रुवारी

देविनाच्या तपासण्या भराभर होत आहेत. ती रस्ता पहिल्याच दिवशी ओलांडून गेली, हात समोर धरून, बायकांचं बघून. काहीच विसरत नाही. तिच्या कॅनवर तिने वेळा लिहून चिकटवल्या आहेत.

आज श्रीहरी डायलिसिसला असताना आम्ही दोघी गंगव्वाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. गंगव्वा परात घेऊन भाकऱ्यांना बसली होती. तिला आमची क्रेओल कळत नाही. तरी तिने आमच्याकडे पाठ केली, ते मला बरं वाटलं.

देविना वाटाणे सोलत होती. मी विचारलं, "तुला कुणी विचारलं का?"

"काय?"

"तुला खरंच द्यायची आहे का, असं."

तिचे हात थांबले. "मी त्याची बायको आहे."

"तेच म्हणते आहे. मी त्याची बहीण होते."

ती रागाने उठेल असं वाटलं. उठली नाही. शेंग हातात घेऊन बसली.

"माझा गट जुळत नाही म्हणाले ना, त्या दिवशी मी खूप रडले," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं. पण आतून मला हायसं वाटलं होतं, संध्या. आणि तुझा जुळतो म्हटल्यावर मी तुला मिठी मारली. तू काही म्हणायच्या आत. तुला बोलायला मिळू नये म्हणून नव्हे. पण तसंच झालं."

मी एक शेंग उचलली आणि सोलली.

"मग आता?" मी विचारलं. "अजून परत जाता येतं. सुखदाबाई आहेत. त्या कुणाला सांगणार नाहीत. मीही नाही. हवं तर अनफिट आपण दोघीही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

"भीती वाटते मला," ती म्हणाली. "रोज वाटते. पण द्यायची आहे. तुला द्यायची नव्हती. हे वेगळं आहे." मग वाटाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आणि तुझ्यावर राग आहे माझा अजून. तो जाईल की नाही मला माहीत नाही."

"असू दे," मी म्हटलं.

गंगव्वा पाठमोरीच म्हणाली, "अक्का, भाकरी गार होतीया."

२० फेब्रुवारी

समिती झाली. तीन गृहस्थ, एक बाई, एक कॅमेरा. देविनाला आत तेवीस मिनिटं ठेवलं. श्रीहरीला वेगळं. लग्नाचे फोटो बघितले. मी बाहेर दोघांचे फोन आणि पिशव्या सांभाळत होते. तिला काय विचारलं ते तिने सांगितलं नाही. मंजुरी मिळाली.

श्रीहरीचं रक्त गाळणं सुरू झालं आहे. त्याचा चेहरा राखेसारखा होतो. काल त्याला थंडी वाजून आली तेव्हा तीन ब्लँकेटं कमी पडली. डॉक्टर म्हणतात, अपेक्षित आहे. हा शब्द मला आवडेनासा झाला आहे.

आईने काल फोन घेतला. हवामानाबद्दल बोलली.

५ मार्च

सकाळी सहाला दोघांना आत नेलं. आधी देविनाला. ट्रॉलीवर ती इतकी लहान दिसत होती. दारापाशी तिने माझ्याकडे बघितलं, काही म्हणाली नाही, फक्त बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. मी त्या मनगटावर चढवल्या, पडू नयेत म्हणून.

सात. आठ. नऊ. वर्गात मी मुलांना मराठीतून वेळ सांगायला शिकवते: सव्वा नऊ, साडेनऊ, पावणेदहा. तेच करत बसले. गंगव्वा डबा घेऊन आली आणि शेजारी बसली. डबा उघडला नाही. तिने विचारलं, "तुमच्याकडं कंचा देव?" मी म्हटलं, इथलाच. ती म्हणाली, मग लांब न्हाई.

सारखा तोच विचार. तिला काही झालं तर ते माझ्या नकारामुळे. मी हो म्हटलं असतं आणि मला काही झालं असतं, तर कुणामुळे? दोन्हीकडून जाऊन बघितलं. उत्तर नाही सापडलं. मी माझा नकार मागे घेतला असता का? नसता. हेही लिहून ठेवते.

पावणेबाराला देविनाला बाहेर आणलं. ठीक आहे. दीडला सर्जन आले. मास्क खाली केला आणि म्हणाले, जोडल्या जोडल्या टेबलावरच लघवी सुरू झाली. पवित्राने माझा खांदा धरला. तिला वाटलं मी पडते आहे.

७ मार्च

श्रीहरी काचेच्या खोलीत आहे. आत जाता येत नाही, फोनवर बोलता येतं. नळीला लावलेली पिशवी त्याने काचेपाशी उचलून दाखवली, लहान मुलाने चित्र दाखवावं तशी. काल दिवसभरात त्याला पाणी प्यायला सांगितलं. दोन लिटर. तो म्हणाला, एवढं पाणी पिताना चोरी केल्यासारखं वाटतं.

धोका संपलेला नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, शरीर कधीही उलटू शकतं, पहिले तीन महिने फार जपायचे. दोघांनाही इथेच राहावं लागणार, आणि बरोबर एक धडधाकट माणूस पाहिजे. पवित्रा तो अर्ज घेऊन आली होती. त्यात नाव रिकामं होतं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

श्रीहरीने काचेपलीकडून फोन उचलला. आवाज बसलेला.

"ताई, तू राहशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. मामांना बोलावता येईल."

शाळेचं वर्ष सुरू झालंय. माझ्या घराच्या मागच्या कौलातून पाणी येतं ते बघायचंय. मला माझा पलंग हवा आहे. हे सगळं मी आधी मनात आणलं, त्याला ताटकळत ठेवलं. मग म्हटलं, "राहीन."

त्याने मान हलवली, इथल्या लोकांसारखी. आता मला ती कळते.

नंतर देविनाच्या खोलीत गेले. तिला उठवून बसवलं होतं. टाके ओढतात, म्हणून ती हळू बोलते.

"नर्स म्हणत होती, तू राहणार आहेस."

"हो."

"आईने सांगितलं म्हणून?"

"नाही. श्रीहरीने विचारलं."

ती खिडकीकडे बघत राहिली. मग दात आवळून हळूहळू माझ्याकडे पाठ केली आणि केसांचं रबर ओढून काढलं. तीन दिवसांचा गुंता.

"विंचरून दे," ती म्हणाली. "खालून सुरुवात कर, ओढू नकोस."

मी तिच्या बॅगेतून फणी काढली आणि खालून सुरुवात केली.